पहिला मान

येसाजी पाटलांनी नातवाची वर सारलेली बाही पुन्हा खाली ओढली.

"कुणाच्या दंडातलं म्हणालात?"

"या चिमाच्या," देवी टोचणारे बापूराव म्हणाले.

चावडीच्या पायरीखाली, उन्हात, डोंगरातल्या ठाकूरवाडीची मोळी विकणारी ठकी आपल्या तान्ह्या चिमाला कडेवर घेऊन उभी होती. त्या काळी लस बाटलीतून येत नसे. एका मुलाला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावर फोड पिकायचा. त्यातलं पाणी दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचायचं. चिमाचा आज आठवा दिवस होता.

"आगगाडीत सरकारनं शेजारी बसवलं, ते सोसलं," पाटील म्हणाले. "आता रगतात बी बसवणार काय?"

पाटील नाही म्हणाले, तशी बाकीच्या सात आयांनीही आपापली पोरं पदराखाली घेतली. नदीपलीकडच्या गावात देवी आली होती. पंधरा दिवसांत तिथली चार मुलं गेली होती. पाटलांची सून सुंदरा आपल्या लेकाला, पोपटाला, क्षणभर खाली ठेवत नव्हती. ठकीनं चिमाच्या डोक्यावर पदर ओढला. तिची थोरली देवीनंच गेली होती.

सुंदरानं तिच्याकडं पाहिलं. मग पदर सावरून ती हळूच म्हणाली, "मामंजी, खालापूरच्या आत्याबाईंच्या जयवंताचं चालंल?"

जयवंता ही पाटलांच्या बहिणीची नात.

"न चालायला काय झालं? ते आपलंच रगत हाय. बापूराव, आधी तिला टोचा. आठव्या दिशी तिला हितं आणा."

बापूरावांनी एकदा सुंदराकडं पाहिलं, एकदा ठकीकडं. मग पेटी मिटली.

"जशी आपली मर्जी."

ते खालापूरच्या वाटेला लागले. ठकी कुठं गेली, ते कुणी पाहिलं नाही. ठाकरं येतात, जातात. त्यांच्याकडं कोण बघतं?

आठव्या दिवशी पाटलांची बहीण सोनुबाई नातीला घेऊन बैलगाडीतून उतरली. जयवंताच्या दंडावर टपोरा फोड होता. त्या सात आयांमधली कोंडी आपलं लेकरू घेऊन पुढं सरली, तशी पाटलांनी काठी आडवी धरली.

"थांब गं कोंडे. होळीत पहिला नारळ कुणाचा पडतो? पहिला मान पाटलाच्या घराला."

पोपटाला पहिलं टोचलं. तो थोडा रडला. मागून बाकीची सातही उरकली.

चिंचेखाली मोळी टेकवून ठकी बसली होती. चिमा मांडीवर होती. ठकी हसत होती. सोनुबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सुंदरा मान खाली घालून पोपटाच्या दंडावर फुंकर घालत होती.

"हसायला काय झालं गं?" पाटील गुरकावले.

"काय नाय, पाटील. त्या दिशी मी बी खालापूरला गेलते. आत्याबाईंनी चिमाला गूळ चाटवला. लई माया केली."

पाटलांनी पोपटाच्या दंडाकडं पाहिलं. मग जयवंताच्या. मग चिमाच्या दंडावरल्या सुकत आलेल्या खपलीकडं.

ठकीनं मोळी डोक्यावर घेतली, चिमाला कडेवर मारलं आणि मोकळ्या हाताची बोटं मोजली.

"चिमा. मग जयवंता. मग पोपट," ती म्हणाली. "मानाचंच म्हणाल पाटील, तर तुमचा तिसरा."