सतरा मीटरचा घेर

झगा उभा होता, आणि धाकटीने तो उभा असा कधी पाहिलाच नव्हता.

तिने पाहिला होता तो मांडीवर, थोडाथोडा आणि उलटा. डिझायनर बाईंच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिच्याकडे एकच काम होतं, कपड्याच्या खालच्या काठाची तुरपाई. गळा दुसरी कोणी करायची, बाह्या तिसरी. झगा पुरा झाला की गाडीतून जायचा आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर नवा काठ यायचा. आज तोच काळा रेशमी झगा संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात एका दिव्याखाली उभा होता. आत माणूस नव्हतं, तरी भरलेला होता. घेर चारी बाजूंनी जमिनीवर ओतल्यासारखा उतरला होता. रांगेतली माणसं बोलत बोलत यायची आणि त्याच्यासमोर आली की थबकायची.

धाकटीच्या अंगावर काटा आला. "अगं बाई, हे एवढं होतं होय," ती स्वतःशीच म्हणाली.

शेजारी थोरली जाऊ उभी होती. तिला मुद्दाम आणलं होतं. गुडघ्यांमुळे ती जमिनीवर बसली नव्हती त्याला दहा वर्षं झाली. जीभ मात्र चांगली हिंडती-फिरती होती. "दिवसभर मान मोडून काठ शिवतेस, पण दिसतं काय त्यात?" हे तिचं ठरलेलं वाक्य. धाकटीचं उत्तरही ठरलेलं, "दिसू नये हेच तर काम आहे, जाऊबाई."

"मग? यातलं तुझं कुठलं?" थोरलीने विचारलं.

धाकटीने काठाकडे बोट केलं, आणि बोट हवेतच राहिलं. काठाच्या आतून पेरभर लाल धागा डोकावत होता.

कच्चा टाका. पक्की तुरपाई घालण्याआधी काठ जागेवर राहावा म्हणून तो घालायचा आणि काम झालं की उपटून टाकायचा. लाल अशासाठी, की विसरायला होऊ नये. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची, आणि विसरलं तर फैलावर घ्यायची. पण हा झगा जायचा होता त्या दिवशी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि घेर होता सतरा मीटरचा. तेवढा एक राहिला. सव्वीस वर्षांत तिच्या हातचं जे काही दिसत होतं, ते एवढंच होतं, आणि ती चूक होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच दोरीवरून वाकली.

"बाई, दोरीच्या मागे," रखवालदार म्हणाला.

"एक कात्री मिळेल का हो? अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

रखवालदाराने तिला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आतून मॅडमना बोलावलं. मॅडम तरुणच होत्या. हातात पांढरे हातमोजे. इथल्या जुन्या कपड्यांची देखभाल त्यांच्याकडे होती.

"आपण कोण?"

धाकटीला चटकन सांगता येईना. पाटीवर डिझायनर बाईंचं नाव होतं, चांगलं ठळक. "मी या काठाची," ती म्हणाली. "तुरपाई माझी आहे. तो लाल धागा माझ्याकडून राहून गेलाय. तेवढा काढू द्या, हात जोडते."

मॅडम तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"तुम्ही होय," त्या हळूच म्हणाल्या. "आठ महिने हा झगा माझ्या टेबलावर होता. काठाचा टाका शोधत होते मी. सापडेचना. शेवटी आम्ही लिहायलाच घेतलं होतं, काठ चिकटवलेला आहे म्हणून."

"चिकटवलेला?" थोरली उसळली. "कशानं, खळीनं? मान मोडली हिची त्याच्यापायी!"

"तेच सांगतेय, मावशी. मग एक दिवस आतल्या दुमडीतून हा धागा बाहेर आला. त्याच्या शेजारी भिंग धरलं, तेव्हा पहिला टाका हाती लागला. मग पुढचा. दोन दिवस आम्ही सगळे हातातली कामं सोडून तेच बघत बसलो होतो." त्या धाकटीकडे वळल्या. "तो धागा काढायचं मला नका सांगू."

त्यांनी खिशातून टॉर्च काढला, खाली बसल्या आणि काठावर आडवा उजेड पाडला. "इथे बघा. धाग्याच्या डावीकडे."

काळ्या रेशमावर खसखशीपेक्षा बारीक ठिपके उमटले, एकामागून एक, उजेड संपेपर्यंत.

रांगेतला पहिला माणूस वाकला. मग त्याची बायको. मागचे विचारत होते काय आहे म्हणून. पुढे आले की तेही वाकायचे आणि तसेच राहायचे. ज्या वाकण्यात धाकटीची मान गेली, त्याच वाकण्यात आता सगळी रांग होती. एकटी तीच ताठ उभी होती. इतक्या माणसांच्या पाठी तिने कधी वरून पाहिल्या नव्हत्या. तिचे डोळे भरून आले.

"चिकटवलेला नाही बरं का," थोरली येईल त्याला बजावत होती.

मग तीही पुढे झाली. दोरीचा खांब धरून, एकेक गुडघा टेकत ती जमिनीवर बसली आणि काठाकडे वाकली.

"जाऊबाई, उठा आता," धाकटी म्हणाली. "इथून काय दिसणार तुम्हाला?"

"गप बस," थोरली मान वर न करता म्हणाली. "दिसतंय मला."