भिंतीचं वय

लिफ्ट बंद होती, म्हणून फुटबॉल क्लबाचा चिटणीस मनातून खूश झाला.

चौथा मजला. ज्याला घ्यावे की नाही यावर क्लबात पंधरा दिवस डोकेफोड चालली होती, तो बचावपटू स्वतः त्याला न्यायला खाली आला होता. मैदानावर सगळे त्याला भिंत म्हणत. जिना चढताना भिंतीचा श्वास ऐकायचा, असे चिटणिसाने ठरवले.

दुसऱ्या मजल्यावर धाप ऐकू आली. ती त्याची स्वतःचीच होती.

"बॅग घेऊ का, साहेब?" भिंतीने वरून विचारले.

"नको, नको. कागद आहेत त्यात."

कागद म्हणजे अदलाबदलीचा अर्ज. भिंत या क्लबात येणार आणि तिच्या बदल्यात भिंगरी भिंतीच्या जुन्या क्लबात जाणार. भिंगरी म्हणजे क्लबचा तरुण खेळाडू, मैदानाच्या उजव्या बगलेवरून पळायचा. वय बावीस, आणि चिटणिसाचा सख्खा भाचा. समितीत मते तीन-तीन पडली होती. शेवटी कोच म्हणाला होता, "मागे भिंत उभी राहिली तर आपण खालच्या गटात घसरणार नाही. घसरलो तर क्लबला टाळंच. पण पस्तिशीपुढचा नको. मागे एक घेतला होता, तिसऱ्या सामन्यात बाकावर बसला तो बसलाच. तुम्ही जाऊन बघा. तुमचं मत शेवटचं."

अर्ज आजच द्यायचा होता, आणि पाच वाजता फुटबॉल संघटनेची कचेरी बंद होणार होती. अर्जाची दुसरी प्रत घेऊन कोच तिथे बसून होता. आता सव्वाचार झाले होते.

सकाळीच बहिणीचा फोन येऊन गेला होता. "माझ्या पोराला तिकडे पाठवलंस, तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस."

'नाही' म्हणणे सोपे होते. पण मग मामाने भाच्याला वाचवले असे लोक म्हणाले असते, आणि ते खरे असते तर? चिटणिसाला स्वतःचा भरवसा नव्हता. त्याला असे कारण हवे होते, जे भिंगरी परक्याचा मुलगा असता तरी टिकले असते.

घर दोन खोल्यांचे होते. भिंतीची म्हातारी आई खिडकीशी गुंडी शिवत होती. पाहुणा दिसताच ती आत चहा टाकायला गेली.

"काय काय बघायचं आहे?" भिंतीने विचारले. "घोडा घेताना दात बघतात. तोंड उघडू?"

चिटणीस ओशाळला. "जन्माचा दाखला बघितला तरी चालेल."

भिंत उकिडवी बसली, खाटेखालची ट्रंक ओढली, तळातून दाखला काढला आणि हात न टेकता उठली. गुडघा कुरकुरलासुद्धा नाही. चिटणिसाने दाखल्यावरची तारीख तीनदा वाचली. चौतीस वर्षे, दोन महिने.

"अर्ज वाचून सही करा," तो म्हणाला.

भिंतीने अर्ज हातभर लांब धरला. "मुंगीच्या पायाएवढी अक्षरं! वाईट अटी नेहमी अशाच बारीक लिहितात."

चिटणिसाचे कान टवकारले. त्याने अर्ज परत घेऊन स्वतः पाहिला. त्यालाही एक ओळ लागेना. उगाच माणसाच्या वयावर संशय घेतला, म्हणून तो स्वतःवरच चरफडला. भिंतीने सही केली.

"घरची माहिती राहिली. घरात कोण कोण?"

"आई आणि मी. एक भाऊ होता, लहानपणीच गेला." भिंतीने मान वळवली. कपाटावर फोटो होता. सात-आठ वर्षांचा मुलगा, काखेत चेंडू, अंगात ढगळ सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"थोरला?"

"पाच वर्षांचं अंतर आमच्यात. मी शेंडेफळ."

चिटणिसाने तसे लिहून घेतले. घड्याळ पाहिले, खिसा चाचपला, पुन्हा घड्याळ पाहिले. कारण सापडत नव्हते. ना जिन्यात, ना गुडघ्यात, ना कागदात. भाचा डोळ्यांपुढे येत होता, आणि नेमका म्हणूनच त्याला थांबता येत नव्हते. पाचला दहा कमी असताना त्याने कोचला फोन लावला.

"घ्या."

"नक्की ना?" पलीकडून कोचने विचारले. "भाचा जातोय तुमचा. नंतर मला दोष देऊ नका."

"चौतीसचा आहे. सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं. घ्या."

फोनमधून शिक्क्याचा धप्प आवाज आला. "झालं. भिंगरी आता तिकडचा. परत फिरवायचं म्हटलं तरी फिरत नाही."

भिंतीने चिटणिसाचा हात दोन्ही हातांत धरला. मग "कप आणतो" म्हणून घाईने आत गेली.

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच चिटणीस खुर्चीला पाठ टेकून बसला. बहीण तोडेल. तोडू दे. निदान कुणाला फसवले नव्हते.

म्हातारी बाहेर येऊन समोर बसली. त्याची नजर पुन्हा त्या फोटोवर गेली.

"थोरल्याची आठवण येत असेल तुम्हाला," तो हळूच म्हणाला.

"थोरल्याची?" म्हातारीने उठून फोटोची काच तळव्याने पुसली. "हा धाकटा माझा. थोरल्याचेच सदरे घालायचा बिचारा. थोरला तर तो काय, आत चहा ओततोय."