जानेवारीतले पाहुणे

"डोकी खाली, पूल येतोय!" नावाडी वानेस इंग्रजीत ओरडला आणि बोटीतले सगळे पर्यटक वाकले. गोडेलीव्हही वाकली. तिला हसू आवरेना. ज्या पुलावरून ती जन्मभर जात-येत होती, त्याचं पोट तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

तिने मुलाचा बर्फातला कोट घातला होता, डोळ्यांवर काळा चष्मा लावला होता. डोक्यावर गोंड्याची टोपी, तिच्यावर लाल बदाम आणि ब्रूज शहराचं नाव. असली टोपी ब्रूजचा माणूस मेला तरी घालणार नाही, म्हणून तर तिने ती मुद्दाम विकत घेतली होती. वानेस तिच्याच गल्लीतला. पण त्यानेही तिला "या मॅडम" म्हणून हात दिला होता.

लहानपणापासून तिला या बोटीत बसायचं होतं. पण ब्रूजमध्ये बोटीत बसतात ते पाहुणे. गावकरी पुलावर उभे राहून नाकं मुरडतात. त्यात तिचं लग्न झालं मार्निक्सशी. 'पर्यटकांच्या बोटी बंद करा' या समितीचा तो अध्यक्ष! कुणी ओळखलं असतं तर नवऱ्याचं नाक कापलं गेलं असतं, आणि तिला मरेपर्यंत जेवणाच्या टेबलावर तेच ऐकावं लागलं असतं. जानेवारीत मात्र धुकं असतं, काठ ओस पडलेले असतात. सकाळी मार्निक्स दाताच्या डॉक्टरकडे म्हणून निघाला आणि हिने कोट चढवला.

आता ती हंसांना हात करत होती. पुढच्या बाकावरचा पिवळा रेनकोटवाला टोपडं नाकापर्यंत ओढून बदकांचे फोटो काढत होता.

"तुम्ही कुठल्या?" शेजारच्या बाईने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"न्यूझीलंड," गोडेलीव्हने सुचेल ते ठोकून दिलं.

"मीसुद्धा," बाई पुटपुटली. मग दोघी घाईघाईने दोन दिशांना पाहू लागल्या.

"आणि हा सुंदर पूल," वानेसने हात केला, "घेंट शहराने ब्रूजला प्रेमाने भेट दिला."

बोटीतली सगळी डोकी एकदम वानेसकडे वळली. शेजारचं घेंट आणि ब्रूज यांची भाऊबंदकी कैक पिढ्यांची. गोडेलीव्हने ओठ घट्ट आवळले. गप्प बस, तू न्यूझीलंडची आहेस, तिने स्वतःला बजावलं.

पिवळा रेनकोट ताडकन उठला. बोट हिंदकळली.

"घेंटवाल्यांनी? भेट?" तो अस्सल ब्रूजच्या बोलीत गरजला. "अरे, ते कंजूष मेले फुकट सर्दीसुद्धा द्यायचे नाहीत! माझ्या पणजोबाने रचलाय तो पूल!"

त्याचं टोपडं मागे पडलं.

"मार्निक्स!" गोडेलीव्ह किंचाळली. "आणि तुझा दात?"

मार्निक्सने तिच्या टोपीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, परत टोपीकडे पाहिलं. आता हा फुटणार, असं तिला वाटलं. तो फुटला, पण हसण्याने. शेजारच्या बाईनेही तोंडावरचा मफलर काढला. ती समितीची खजिनदार निघाली. बाकीचे पोट धरून लोळत होते, आणि बोलत होते तेही ब्रूजच्याच बोलीत.

"सरक जरा," मार्निक्स गोडेलीव्हला म्हणाला आणि तिला खेटून बसला. मग डोळे पुसत नावाड्याकडे वळला. "वानेस, गधड्या, ब्रूजचा असून असलं धादांत खोटं सांगतोस?"

"जानेवारीत प्रत्येक फेरीला सांगतो, काका," वानेस म्हणाला. "अजून एकही पर्यटक सापडला नाही."