आजपुरते मामा

म्हाताऱ्याने ज्या काडीने शंखातली गोगलगाय ओढून खाल्ली, त्याच काडीने दात कोरले, मग नखं कोरली आणि काडी पुढच्या शंखात घातली. आम्पारोने तोंड फिरवलं.

तिने हॉटेलवाल्या फेर्मीनला बाजूला घेतलं. "हा कोण घाणेरडा माणूस? उद्या इथेच माझ्या मुलीला मागणी घालायला माणसं यायचीत. हलवा त्याला कुठेतरी!"

"हळू बोला, बाई. ते काउंट लेआंद्रो, या महालाचे शेवटचे वारस. महाल आम्ही घेऊन दुरुस्त केला, पण वरची खोली त्यांचीच. त्यांना उठवणार कसं?"

आम्पारोने वळून पाहिलं. म्हातारा मांडीवरच्या रुमालात नाक शिंकरत होता. पण आता तिला त्याच्या करंगळीतली अंगठी दिसली, त्याच्या डोक्यावर भिंतीत कोरलेलं दगडी कुलचिन्हही दिसलं.

आम्पारोचा नवरा सेव्हिलला संडासाची भांडी विकायचा. होणाऱ्या विहिणीला, मिलाग्रोसबाईंना, तिने 'सिरॅमिकचा व्यवसाय' एवढंच सांगितलं होतं. त्या बाईंचे वडील राजदूत. लिस्बनला वारले, हे त्या दर भेटीत ऐकवायच्या. "आमच्यात आधी घराणं बघतात," असं त्या फोनवर म्हणाल्या आणि आम्पारोची झोपच उडाली. घरी बोलावलं असतं तर सोयरीक दारातच मोडली असती, आणि लेकीचा, कार्मेलाचा, तर त्यांच्या गोन्सालोवर जीव जडलेला. म्हणून ऐपत नसताना त्रुहियोच्या या महालात जेवण ठरवलं होतं.

ती म्हाताऱ्याच्या टेबलाशी गेली. त्याने तेलकट ओठांनी तिच्या हाताचा मुका घेतला. तिने हात हळूच स्कर्टला पुसला.

"काउंटसाहेब, उद्या आमच्याबरोबर जेवाल? माझे मामा म्हणून."

"मामा?" म्हातारा हसला. दातांत काहीतरी हिरवं अडकलं होतं. "नको, बाई. अनोळखी माणसांशी गोड बोलायचं म्हणजे मला शिक्षा वाटते."

"मोठी माणसं आहेत हो. माद्रिदची. मुलाची आई मिलाग्रोस सोलार, राजदूताची मुलगी."

काडी दातांत थांबली.

"राजदूत जिवंत आहेत?"

"नाही, लिस्बनला वारले."

"अरेरे," म्हाताऱ्याने काडी खाली ठेवली. "येईन मी. स्वच्छ शर्ट तेवढा लागेल. तुमच्या यजमानांचा चालेल."

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आतच त्या शर्टाच्या कॉलरवर तेलाचा डाग पडला. म्हातारा डुकराचा कान हाताने ओरबाडून खात बसला होता. कूर्चा कडाकडा चावल्याचा आवाज साऱ्या दालनात ऐकू येत होता.

"आई, मला मळमळतंय," कार्मेला म्हणाली. "कोण गं हा?"

"आजपुरते तुझे मामाआजोबा. गप बस आणि हस."

मिलाग्रोसबाई आल्या. मोत्यांची माळ, हातात पंखा, मागे मागणीच्या कंकणाची डबी घेतलेला गोन्सालो. आत येताच त्यांची नजर छतावरून फिरली, भिंतींवरून फिरली, आणि त्या प्रसन्न झाल्या. आम्पारोचा जीव भांड्यात पडला. एवढी किळस गिळली त्याचं सार्थक झालं, असं तिला वाटलं.

"या, या! आधी यांना भेटा. माझे सख्खे मामा, या महालाचे काउंट."

मिलाग्रोसबाईंनी पुढे केलेला हात तसाच राहिला. चेहरा पांढराफटक पडला.

म्हाताऱ्याने तोंडातली कूर्चा बशीत थुंकली, पालथ्या हाताने ओठ पुसले आणि तेलाने माखलेला गाल पुढे केला.

"ये, मिला. बदाखोसच्या कत्तलखान्यात डुकरं कापणाऱ्या बापाची लाज वाटायची ना तुला? आता घे मुका. या फेर्मीनने दोन वेळच्या जेवणावर मला काउंट केलंय."