बंदरावरची नोकरी

प्रशिक्षणात पहिली आलेल्या नेरिसला लंडनच्या बँकेत हवा होता तोच, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा विभाग मिळाला. पहिल्याच सकाळी साहेबांनी वेल्समधल्या पत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या विक्रीचं काम दिलं. घेणारा तो बंदच करणार होता. तिचे बाबा तिथेच भट्टीवर होते. बाहेर ब्र काढायची सोय नव्हती. काढला तर नोकरी जाणार, खटला होणार. दुपारी बाबांचा फोन आला. “पोरी, तुझ्या नोकरीचा केक वाटला भट्टीवर सगळ्यांना! बरं, मला बंदरावर नोकरी मिळतेय, पण नाहीच म्हणतो. इथं काय कमी आहे?” नेरिस जिन्यात गेली. “नाही म्हणू नकोस, बाबा. घे ती.” “का गं?” “ते मला सांगता येणार नाही.” हळूहळू त्यांना उमगलं. “भट्टीवरच्या गेथिनला सांगू? बाकीच्या पोरांना?” “कुणालाच नको. माझ्यासाठी.” “मग त्यांच्यासमोरून मी एकटाच कसा जाऊ, पोरी?” बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही; बंदराला मात्र नकार कळवला.