गळती

नीळकंठरावांनी पायाच्या पट्टीला कात्री लावली तेव्हा त्यांच्या पत्नी, कमलिनीबाई, रविवारच्या भाजीला गेल्या होत्या. पट्टी उद्या सुटायची होती, तीही डॉक्टरांच्या हातून. पण गृहस्थ पडले कारखान्यातले तपासनीस. सत्तावीस वर्षं बॉयलरच्या नळ्या तपासल्या. नळीत दाबानं पाणी भरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एका जोडावर सही केली नाही. जोडावर थेंब दिसला की फेल. वेल्डर पाया पडला तरी फेल.

आता जोड त्यांच्याच पायात होता. शुगरनं खाल्लेल्या टाचेवर प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी बसवली होती, आत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. ते पायातल्या रक्तवाहिन्यांना जुळलं तर पाय राहणार, नाहीतर गुडघ्याखाली कापायचा. दहा दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आणखी एक रात्र त्यांच्यानं निघेना.

पट्टीची शेवटची घडी चिकटली होती. त्यांनी ओढली. टाच बधिर, दुखलं काहीच नाही. फक्त टचकन रक्त आलं.

कमलिनीबाई परतल्या तेव्हा ते पलंगावर पांढरेफटक होऊन बसले होते.

"अहो, हे काय केलंत!"

"गळतंय, कमल. मीच फाडलं." त्यांचे दात वाजत होते. "गेला पाय."

पिशवी तशीच टाकून कमलिनीबाईंनी डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला.

"किसने खोला?" फोनमधून आवाज चढला. "कल तक रुक नहीं सकते थे?"

"इनकी आदत है, मॅडम. खून आ रहा है."

"कहाँ से? किनारे से, या नई चमड़ी के बीच से?"

कमलिनीबाईंनी चष्मा लावला, टाच खिडकीकडे वळवली. "एकदम बीच से."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"मरी हुई चमड़ी से खून नहीं आता, आंटी. नसें जुड़ रही हैं. साफ पट्टी रखकर अभी ले आओ. और अंकल की कैंची छुपा दो."

कमलिनीबाईंनी डोळे पुसले आणि नवी पट्टी घेऊन वाकल्या. टाचेवर दुसरा थेंब हळूहळू फुगत होता. नीळकंठरावांनी त्यांचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "गळू दे जरा."