अम्मीची कॅसेट

फरहानने स्वतः रचलेलं घरघरतं इलेक्ट्रॉनिक संगीत मोजक्याच कॅसेटींवर भरून विकायला काढलं होतं. कोऱ्या कॅसेटी संपल्या, तेव्हा नाशिक रोडच्या घरात सापडलेल्या एका जुन्या कॅसेटवर त्याने ते भरलं.

"अरे, ती अम्मीने स्वतःच्या आवाजात पत्र भरून अब्बांना दुबईला पाठवलेली!" सुहानाआपा ओरडली. "पुसली जाऊ नये म्हणून अब्बांनी तिच्या कडेची पट्टी मोडून ठेवली होती."

"मी त्या भोकावर सेलोटेप लावला," फरहान पुटपुटला. त्याला जन्म देतानाच अम्मी गेली होती.

आपाने कॅसेट लावली. नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या तळाशी कुणीतरी खाकरलं.

"अम्मी!" आपाला रडू फुटलं.

"रडतेस कशाला, सुहाना?" आवाज म्हणाला. "आणि तुझ्याजवळ बसलाय तो कोण?"